पान तीनवरचं जाहीर प्रगटन

भावाचा फोन आला तेव्हा मी लातूरला गंजगोलाईच्या बाजारात चिंच बघत होते. "अक्का, आधारची झेरॉक्स पाठव. दोन्ही बाजू," एवढंच तो म्हणाला. कशाला म्हणून विचारलं, तर "लागती" म्हणाला आणि फोन ठेवला. माझा भाऊ एवढं कमी कधी बोलत नाही. सोयाबीनवर कुठली अळी पडली इथपासून मेव्हण्याच्या मोटारसायकलचा सायलेन्सर कसा फुटला इथपर्यंत सगळं सांगून झाल्याशिवाय त्याचा फोन संपत नाही. असा माणूस "लागती" या एका शब्दावर थांबतो म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. चिंच तशीच ठेवून मी घरी आले.

अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना जाऊन आठ महिने झाले होते. कंधार तालुक्यातल्या आमच्या गावी त्यांच्या नावची जमीन होती आणि तिच्या सातबाऱ्यावर आता वारसांची नावं लागायची होती. आई अण्णांच्या आधीच गेली. उरलो दोघं, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान असलेला हा भाऊ. आमच्याकडं अशा वेळी बहिणी हक्कसोडीच्या कागदावर सही करतात, भाऊ साडी नेसवतो, दोघंही डोळे पुसतात आणि विषय संपतो. त्यानं मला सही मागितली असती तर मी केली असती की नाही, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. पण मागायला पाहिजे होती. न विचारता माझं नाव गाळलं, तर जमीन जाण्याचं दुःख वेगळं. माझं माहेरच जाणार होतं. मला भीती होती ती एवढीच, आणि ती लहान नव्हती.

माझा नवरा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, सरळ माणूस. "झेरॉक्सच मागितली ना? किडनी तर न्हाई मागितली," तो म्हणाला.

"दोन्ही बाजू मागितल्या."

"आधारला दोनच बाजू असत्यात."

त्याच्या मते मी पेपरात नोकरीला होते म्हणून अशी संशयी झाले. माझ्या मते मी अशी होते म्हणून पेपरात टिकले.

लग्नाआधी चार वर्षं मी नांदेडच्या एका दैनिकात मुद्रितशोधक होते. मुद्रितशोधक म्हणजे छापायच्या आधी चुका काढणारी. पान एक आणि दोन अनुभवी माणसांकडं, चारवर खेळ आणि सिनेमा. माझ्याकडं पान तीन. तीनवर बाजारभाव, निधनवार्ता, हरवले-सापडले, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात जाहीर प्रगटनं. जमीन घ्यायची असली की घेणाऱ्याचा वकील पेपरात प्रगटन द्यायचा. तमाम जनतेस कळविण्यात येते की, मौजे अमुक, तालुका तमुक येथील गट नंबर इतका ही जमीन माझे अशील खरेदी करीत आहेत, कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत घ्यावी, नंतर तक्रार चालणार नाही. आम्ही दोघीजणी ते तपासायचो. एकीनं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं छापील प्रतीवर बोट ठेवायचं. वाचणारी स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा उच्चारून वाचायची. पूर्वेस नाला स्वल्पविराम पश्चिमेस शीव स्वल्पविराम. घरी गेल्यावर आईला भाजीत काय घालायचं हे सांगतानाही माझ्या तोंडून स्वल्पविराम निघायचा आणि भाऊ हसून लोळायचा.

लोकांना वाटतं पेपर पहिल्या पानासाठी वाचतात. आमच्याकडं तसं नव्हतं. पहिलं पान मुंबईचं. तिथं काय चाललंय त्याच्याशी आमच्या गावाला काय देणंघेणं? गावातल्या हॉटेलात सकाळच्या एसटीनं अंक उतरला की आधी पान तीन निघायचं. हॉटेल म्हणजे पत्र्याखाली दोन बाकडी आणि एक कढई. एकजण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे बशीत चहा ओतून ऐकायचे. कोण गेलं, कुणाची म्हैस हरवली, कुणाचा गट नंबर निघाला. गट नंबर आला की वाचणारा थांबायचा. "हा कुणाचा रं?" मग चतुःसीमेवरून ते शेत डोळ्यापुढं उभं करायचे, मालक ठरवायचे, त्याला भाऊ किती, बहिणी किती, कुणाला विचारलं, कुणाला नाही, हे सगळं भजी संपायच्या आत निकालात निघायचं. पंधरा दिवसांची मुदत कायद्यानं दिलेली. गाव पंधरा मिनिटांत हरकत घ्यायचं.

याला कुणी चहाटळपणा म्हणेल. मीही तेव्हा म्हणायची. पण त्या बाकड्यांमुळं कुणालाही काही गुपचूप करता येत नव्हतं.

आता ते हॉटेल आहे, बाकडी प्लास्टिकची झालीत, अंक येत नाही. कधी बंद झाला हेही कुणाला नक्की सांगता येत नाही. आधी अंक दुपारच्या गाडीनं यायला लागला, मग एक दिवसाआड, मग एसटीच यायची थांबली. कुणी तक्रार केली नाही, कारण तोवर प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला होता. गावाचा ग्रुप आहे त्याच्यावर. मीही त्यात आहे, भावानं घातलंय मला. रोज पाच-पन्नास फोटो येतात. साहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा, भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा, एक फूल, एक सूर्य. गावात काय चाललंय ते मात्र त्यावर नसतं.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी माहेरी गेले होते. शाळेमागं मोकळी जागा आहे, तिथं गावाचे सगळे बैल ओळीनं उभे राहतात, तिथूनच पोळा फुटतो. बघते तर त्या जागेला चारी बाजूंनी सिमेंटचे खांब आणि तार. आत कुणीतरी मुरूम टाकलेला. जागा कुणीतरी कुणाला तरी विकली होती. लोक तहसीलला गेले तर तिथल्या बाबूनं फाईल काढून दाखवली. प्रगटन रीतसर प्रसिद्ध झालेलं, पेपराचं कात्रण डकवलेलं, मुदत संपलेली. कुणीच ते पाहिलं नव्हतं. त्या वर्षी बैल रस्त्यावर उभे केले. तेव्हापासून आमच्या गावात जो तो दुसऱ्याकडं तिरक्या नजरेनं बघतो. कोणी चुन्यानं खुणा केल्या की बाकीचे टेप घेऊन हजर. कोणी तालुक्याला जास्त वेळा गेला की काय शिजतंय म्हणून पाळत. पूर्वी संशय यायचा, त्यावर हॉटेलात भांडण व्हायचं आणि संशय मिटायचा. आता संशय आला की ज्याचा त्याच्याकडं राहतो.

म्हणून मी झेरॉक्स पाठवली नाही. डोकं चालवायला लागले. भावाला माझं नाव गाळायचं असेल तर वकील काय करेल? प्रगटन देईल. कुठं देईल? जो पेपर कुणी वाचत नाही त्यात. लातूरच्या स्टँडजवळच्या पेपरवाल्याकडं गेले. पूर्वी त्याच्या फळीवर इथले आणि नांदेडचे मिळून सात-आठ पेपर असायचे. आता मोठ्या शहरांतले तीन आणि स्पर्धापरीक्षांची पुस्तकं. आमच्या जुन्या पेपराचं नाव सांगितलं.

"निघतो म्हणं," तो म्हणाला.

"निघतो तर दिसत कसा नाही?"

"मावशी, त्यो वाचायला न्हाई निघत. फायलीला लावायला निघतो."

त्या क्षणी मला खात्रीच पटली. भावानं प्रगटन आमच्याच पेपरात दिलं असणार. माझं नाव माझ्याच पान तीनवर पुसलं जाणार. नवऱ्याला म्हणाले, उद्या नांदेडला जाते, जुन्या मैत्रिणीला बरं नाही. तो म्हणाला, "मैत्रिणीला का पान तीनला?" गणित शिकवणाऱ्या माणसाशी लग्न करू नये.

नांदेडच्या गाडीत लोहा गावापर्यंत मला एकच विचार छळत होता आणि तो भावाबद्दलचा नव्हता. आता सांगूनच टाकते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. जमीन विकताना बहिणीचं नाव कसं दडवायचं हे मला माहीत होतं. मी ते स्वतः केलं होतं.

माझं लग्न ठरलं त्या वर्षीची गोष्ट. अण्णा एकदा आमच्या ऑफिसात आले. ते कधी येत नसत. मुलगी नोकरी करते हे त्यांना आवडायचं, पण करताना बघवायचं नाही. त्यांच्या हातात वकिलाचा कागद होता. रस्त्याकडचा दोन एकराचा तुकडा ते विकत होते, माझ्या लग्नासाठी. कागदात लिहिलं होतं की जमीन त्यांच्या वडिलांची, आणि ते एकटेच वारस. एकटे कसे? अण्णांना एक बहीण होती. माझी आत्या, उमरीकडच्या गावात दिलेली. दर दिवाळीला यायची, माझ्या केसांना ती लावायची तसं तेल कुणी लावलं नाही. मी कागद वाचला आणि अण्णांकडं बघितलं. ते खिडकीकडं बघत होते. म्हणाले, "हे तिकडं कुणी वाचायला नको."

आमच्या पेपराच्या दोन आवृत्त्या निघायच्या. डाक आवृत्ती आधी, तिचे गठ्ठे एसटीनं कंधार, बिलोली, उमरीला जायचे. शहर आवृत्ती नंतर, ती फक्त नांदेडात वाटली जायची. प्रगटन दोन्हीत घ्यायचं असा नियम होता. मी ते डाक आवृत्तीच्या पानावरून उचललं आणि तिथं एका औषधाच्या दुकानाची जाहिरात चिकटवली. शहराच्या अंकात ते आलं. कायदा पाळला गेला. पंधरा दिवसांत हरकत आली नाही. लग्न झालं. आत्यानं मला मोरपंखी साडी घेतली होती. ती मी एकदाच नेसले.

तेव्हा एका पेपरापासून लोकांना लपवायला एवढी खटपट करावी लागायची. आता खटपटच उरली नाही, पेपर स्वतःच लपून बसलाय. आणि खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. भावाच्या एका शब्दात मला जे ऐकू आलं ते माझंच होतं.

वजिराबादच्या गल्लीत आमचं ऑफिस होतं तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात. पेपर मागच्या जिन्यानं वर एका खोलीत गेलाय. एक कॉम्प्युटर, एक पंखा, आणि पूर्वी आमच्याबरोबर पानं लावणारा एक सहकारी. डोक्यावरचे केस गेले होते, बाकी तसाच. मला बघून तो उठला.

"तुम्ही? काय प्रगटन द्यायचं का?"

"बघायचंय."

तो हसला. म्हणाला, "इतक्या वर्षांत पहिलं माणूस आलं बघायला. सगळे द्यायलाच येतात." तो एकटाच सगळं करतो. बातम्या मोबाईलवर येतात त्या उचलून तीन पानं भरतो, चौथं प्रगटनांचं. कोण वाचतं म्हणून विचारलं. "वकील वाचतो, त्याचं नाव नीट आलं का तेवढं बघतो. एक अंक त्याला, एक सरकारी कचेरीत, एक फायलीला. थोडेफार इकडं तिकडं." मग म्हणाला, "चूक झाली तरी फोन येत न्हाई हो. मागं एकाला मेलेला छापलं. त्याला सहा महिन्यांनी कळलं, ते बी बँकेत गेल्यावर."

त्याला हे सांगताना वाईट वाटत होतं आणि मला त्याचा राग येत होता. राग त्याच्यावर काढण्यात अर्थ नव्हता, तरी येत होता. मी फाईल मागितली. नव्या अंकांपासून मागं निघाले. जुनी सवय, बोट ओळीखाली ठेवून. प्रत्येक कंधारला बोट थांबायचं. एका गठ्ठ्यात मधले दोन अंक नव्हते, तेव्हा तर मला वाटलं झालंच, काढून घेतलेत. सहकाऱ्यानं टेबलाखालून काढून दिले. त्यांच्यावर तो डबा ठेवून जेवत होता.

त्यातल्या दुसऱ्या अंकात ते होतं. मौजे आमचं गाव, तालुका कंधार. गट नंबर ओळखीचे, चतुःसीमा पाठ. पूर्वेस नाला, पश्चिमेस शीव. अंकाला दीड महिना होऊन गेलेला, म्हणजे मुदत कधीच संपली. तमाम जनतेस कळविण्यात येते की, सदर मिळकतीचे नोंदणीकृत वाटणीपत्र करावयाचे असून तीत पुढीलप्रमाणे हिस्सेदार आहेत. एक, भावाचं नाव. दोन, माझं नाव, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, स्पेलिंगसुद्धा बरोबर. आणि तीन. तीन नंबरला आत्याचं नाव होतं, मयताची सख्खी बहीण, जिचे नाव पूर्वी नजरचुकीने नोंदविण्याचे राहून गेले.

नजरचुकीने. मी तो शब्द तीनदा वाचला.

तिथूनच भावाला फोन लावला. "प्रगटन दिलंस ते सांगितलं का नाहीस?"

"तू वाचलंस व्हय?" तो म्हणाला.

"आज वाचलं."

"आज? अगं अक्का, वकील दुसरा पेपर म्हणत होता. मीच म्हणलं, न्हाई, आमच्या अक्काच्या पेपरात द्या. म्हंजे अक्काला येगळं सांगायला नको. पान तीन ती सोडती का कधी?" त्याचा आवाज चढला. "दीड महिना वाट बघून राहिलो तुझ्या फोनची. तुझा काय फोन न्हाई. म्हणलं, अक्काला आत्याचं नाव पटलेलं न्हाई. गप बसली म्हंजे हरकत घेणार. बायको म्हणली, त्या वकील लावत असतील. म्हणून आधार मागितलं तर तू ते बी धाडेनास."

लातुरात मला पेपर दिसत नाही हे त्याला माहीतच नव्हतं. त्याच्या लेखी मी अजून त्या टेबलाशी बोट ठेवून बसलेली होते. दीड महिना तो माझ्यावर शक घेत होता आणि त्याचा फोन आल्यापासून मी त्याच्यावर, आणि दोघांना जोडणारा कागद एका डब्याखाली पडून होता.

"आत्याचं तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"अण्णांनी. जाताना. म्हणले, तुझ्या आत्याचं ऱ्हायलंय तेवढं कर."

मला नाही सांगितलं. ते मला कसं सांगणार? मला तर ते माहीतच होतं. भावाला म्हणाले झेरॉक्स आजच पाठवते, आणि फोन ठेवला. सहकाऱ्याकडून तो अंक मागून घेतला. तो म्हणाला, फायलीचा आहे, देता येत नाही. मग माझ्या तोंडाकडं बघून त्यानंच घडी करून दिला.

लातूरची गाडी पकडायच्या ऐवजी मी उमरीची पकडली. आत्या आता सत्तरीच्या पुढं आहे, गुडघे गेलेत, मामांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आणि सून शेतात होते. ती अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होती. मला बघून म्हणाली, "कामून गं अशी अचानक? सगळे बरे हायेत ना?"

मी पाणीसुद्धा न पिता सांगायला सुरुवात केली. अण्णा ऑफिसात आले ते, कागद, डाक आवृत्ती, औषधाच्या दुकानाची जाहिरात. इतकी वर्षं हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आत्या शेंगा फोडत राहिली. मध्ये एकदा फक्त होकारार्थी मान हलवून म्हणाली, "हाव."

"हाव काय?" मी म्हणाले. "तुला माहीत होतं?"

"उमरीच्या गाडीचा कंडक्टर शहरातला अंक वाचायला घ्यायचा. आमच्या फाट्यावरल्या हॉटेलात टाकून जायचा. तिथं दोन्ही अंक आले ना गं त्या दिवशी. शेजारी शेजारी ठिवले. हेच्यात हाय आन तेच्यात न्हाई, असं कसं, म्हणून लोकांनी लई बारीक वाचलं. मोठ्यानं वाचलं." तिनं टरफलं सुपात झटकली. "तुझे मामा लाल होऊन घरी आले. चल कंधारला, हरकत घालू म्हणले. मी म्हणलं, मला ठाव हाय. भावानं मला इचारून केलं, माझी राजी हाय. हॉटेलात जाऊन सगळ्यांला तसंच सांगा म्हणलं."

"पण विचारलं नव्हतं."

"न्हाई."

"मग खोटं का सांगितलंस?"

"भाऊ एकच होता. आन तुझं लग्न होतं." ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तू केलंस ते बी मला कळलं होतं. त्या पेपरात आपलं दुसरं कोण होतं?"

मोरपंखी साडी तिनं हे सगळं कळल्यावर घेतली होती. मी रडले, मोठ्यानं रडले, पन्नाशी उलटलेल्या बाईला शोभत नाही तसं. आत्यानं पदर पुढं केला नाही की पाठीवर हात ठेवला नाही. माझं संपेपर्यंत ती वाट बघत राहिली, मग पाण्याचा तांब्या सरकवला.

"भाऊ येऊन गेला तुझा," ती म्हणाली. "नाव घातलं म्हणला. पेपरात दिलं म्हणला. मला काय जमीन न्यायची का संगं? पोरगा बघंल त्याचं. पर म्हणलं, पेपरात आलं ना, बास. दुसऱ्या दिवशी फाट्यावर पोराला धाडलं. पेपरच न्हाई. तिसऱ्या दिवशी बी न्हाई. गावात इचारलं, कुणी वाचलं का? कुणीच न्हाई." तिच्या आवाजात पहिल्यांदा कडूपणा आला. "तवा माझं नाव नव्हतं ते सगळ्या गावानं ऐकलं. माझ्या तोंडावर कुणी बोललं न्हाई, पर भावानं बहिणीला काढून टाकली हे ऐकलं. आता नाव आलंय, तर ऐकायला कुणी न्हाई. मग मला शक यायला लागला. खरंच दिलं का ह्यानं बी लपवलं, बापासारखं?"

मी पिशवीतून अंक काढला. आत्यानं तो हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला, चौथं पान शोधलं आणि परत माझ्याकडं दिला. तिला बारीक अक्षर दिसत नाही.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचायला लागले. जुनी सवय सुटली नाही. तमाम जनतेस स्वल्पविराम म्हणून गेले आणि आत्याला हसू आलं. पूर्वेस नाला स्वल्पविराम, पश्चिमेस शीव पूर्णविराम. शेजारच्या अंगणात एक बाई वाळवण हलवत होती, तिचा हात थांबला. मी तीन नंबरच्या नावापाशी आले.

"थांब," आत्या म्हणाली. "पहिल्यापासून घे. आन जरा मोठ्यानं वाच, समोरचं दार बी उघडं हाय."

मी उठून उंबऱ्यापाशी उभी राहिले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.